नोंदीबाहेरचा मुलूख

थिओडोर कूक पेशाने अभियंते होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे ते प्राचार्य होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी छापून झाला. आज शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी महाराष्ट्रातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्याचे त्यावाचून पान हलत नाही. सिंधपासून कारवारपर्यंतचा मुलूख त्या ग्रंथात आहे. खानदेश, अहमदनगर, सोलापूरही आहे. पण सोलापूरहून पूर्वेला निघालो आणि नळदुर्गाकडे आलो की ग्रंथ थांबतो. तिथे ना पाऊस बदलतो, ना काळा पाषाण, ना माळावरची बाभूळ. बदलत होते ते एवढेच, की इलाखा संपून निझामाचे राज्य सुरू होत होते. त्या सीमेपलीकडच्या भूभागाचा, म्हणजे मराठवाड्याचा, समग्र वनस्पतिकोश डॉ. व्ही. एन. नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला आणि तो दोन खंडांत प्रसिद्ध झाला १९९८ साली. दोहोंमध्ये ९० वर्षांचे अंतर आहे. नांदेड-लातूरकडे झाडाझुडपांच्या बाबतीत सांगण्यासारखे काही नाही, हा जो समज आपल्याकडे रुजला आहे, त्याचा मोठा वाटा या ९० वर्षांनी उचलला आहे असे माझे म्हणणे आहे. हा समज जमिनीने जेवढा दिला, त्याहून अधिक तो राज्यकारभाराच्या इतिहासाने दिला.

हे पटायचे तर वृक्षाची नवी प्रजाती 'सापडते' म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहायला हवे. उष्ण कटिबंधातल्या वर्षावनांत नव्या वृक्षांचा शोध आजही चालू आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने पृथ्वीवर वृक्षांच्या सुमारे ७३,००० प्रजाती असाव्यात आणि त्यांपैकी सुमारे ९,२०० अजून विज्ञानाच्या नोंदीत आलेल्या नाहीत, असा अंदाज मांडला. न नोंदलेल्यांतला सर्वांत मोठा वाटा दक्षिण अमेरिकेत असावा, असेही त्यात म्हटले आहे. हा आकडा वाचला की घनदाट अरण्यात कोणी संशोधक वर पाहतो आहे आणि त्याला कधीच न पाहिलेले झाड दिसते आहे, असे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. पेरू देशातल्या मानू अरण्यात १९७३ साली रॉबिन फॉस्टर यांनी नारिंगी फळांचे एक लहानसे झाड पाहिले आणि त्याची फांदी गोळा केली. ते कोणत्या कुळातले हेच कोणाला सांगता येईना. शेवटी डीएनए तपासणीच्या आधारे त्याचे कूळ ठरले आणि २०२१ साली ते 'एनिग्मानू अल्वारेझिये' या नावाने प्रसिद्ध झाले. झाड दिसल्यापासून नाव मिळेपर्यंत ४८ वर्षे गेली. हे काही अपवादात्मक उदाहरण नव्हे. नव्या वनस्पतींच्या वर्णनांचा धांडोळा घेणाऱ्या २०१० सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या प्रजाती फक्त १६ टक्के होत्या. जवळपास पाव हिश्शाच्या बाबतीत तर पन्नास वर्षांहून जुने नमुने वर्णनाच्या कामी आले होते. नवी प्रजाती बहुतेक वेळा हर्बेरियमच्या कपाटात, दाबून वाळवलेल्या फांदीच्या रूपाने, दशकानुदशके पडून असते.

कारण 'नवी' हा शब्द तुलनेवर उभा असतो. हातातली फांदी आजवर वर्णन झालेल्या कशाशीही जुळत नाही, हे सिद्ध करायचे तर आजवर काय वर्णन झाले आहे ते समोर असावे लागते. फुले-फळे असलेला नमुना लागतो. त्या कुळातल्या इतर प्रजातींचे मूळ नमुने पाहायला मिळावे लागतात. त्या प्रदेशाची विश्वासार्ह यादी लागते. आणि छापणारे नियतकालिक लागते. नियमही कडक आहेत. वनस्पतींच्या नावांचा प्रारंभ लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरतात. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्ये वर्णन दिल्याशिवाय नवे नाव ग्राह्य धरले जात नसे. २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालते. १९५८ पासून मूळ नमुना कोणता, हे सांगणे बंधनकारक आहे. म्हणजे प्रजातीचा शोध हे एकट्याच्या नजरेचे काम नव्हे, त्यामागे संस्था उभी असावी लागते. जिथे संस्था नव्हती तिथे शोध लागला नाही, आणि शोध लागला नाही म्हणून तिथे काही नाही असे ठरले. मराठवाड्याच्या बाबतीत हेच झाले.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या पानझडी जंगलातल्या झाडांची शास्त्रीय नावे कुठे जन्मली ते पाहिले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. टेंभुर्णी, कांडोळ, रोहन, शिसव, बिबळा ही या पट्ट्यातली ओळखीची झाडे. या सगळ्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांनी केले. रॉक्सबर्ग हे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर. १७८१ पासून ते गोदावरीच्या मुखाजवळच्या सामलकोट इथे होते. पुढे १७८९ मध्ये ते मद्रासकडचे कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि १७९३ मध्ये कलकत्त्याच्या बागेत गेले. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ३०० चित्रांचा ग्रंथ १७९५ पासून तीन खंडांत लंडनला निघाला. आपली टेंभुर्णी आणि कांडोळ त्याच्या पहिल्याच खंडात आहेत, शिसव आणि बिबळा दुसऱ्यात. ती चित्रे काढणारे भारतीय चितारी होते आणि त्यांची नावे ग्रंथावर नाहीत. थोडक्यात, नांदेडच्या घाटावरून वाहणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला जी झाडे शेकडो वर्षे उभी होती, त्यांना नावे मिळाली ती त्याच नदीच्या खालच्या अंगाला. कारण तिथे कंपनीचे राज्य होते, पगारी वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि लंडनला जाणारी जहाजे होती. पळसाची कथा तर याहून लांबची आहे. केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीडे यांनी 'होर्टुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करवला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या पळसाच्या चित्र-वर्णनावरून लामार्क यांनी १७८५ मध्ये फ्रान्समध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. फाल्गुनात आख्खे माळरान पेटल्यासारखे करणारा मराठवाड्याचा पळस असा मलबार, हॉलंड आणि फ्रान्स फिरून विज्ञानाच्या वहीत आला. त्याच्या वाटेत मराठवाडा कुठेच लागला नाही.

उलट मुंबई इलाख्यात काय घडत होते ते पाहावे. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होते. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८३८ पासून ते सांभाळले आणि १८४७ मध्ये ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जॉन ग्रॅहम हे मुंबईच्या टपालखात्यातले अधिकारी. त्यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सूची करायला घेतली. १८३९ साली ती छापून पुरी होण्याआधीच ते खंडाळ्याला वारले, आणि उरलेले काम त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केले. त्याच सूचीत सह्याद्रीचे एक अस्सल झाड पहिल्यांदा आले. कोकणात आणि घाटात चेर किंवा जंगली भेंडी म्हणून ओळखले जाणारे, पिवळ्या फुलांचे, काटेरी फळांचे हे झाड. त्याचे 'एरिनोकार्पस निम्मोनी' हे नाव त्याच निम्मोंची आठवण ठेवून आहे, आणि त्या वंशात जगभरात एवढी एकच प्रजाती आहे. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश आला. १८६५ मध्ये डाल्झेल यांनी जुन्नरकडच्या कातळांवरची शिंदळ माकुडी वर्णन करून तिला गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव दिले. टपाल अधिकारी, डॉक्टर, वनाधिकारी, अभियंता अशी ही माणसे. त्यांच्यात शिकाऊपणा होता, हौस होती, पण त्यांच्यामागे एकमेकांना नमुने पाठवणारी, दाखवणारी, छापणारी व्यवस्थाही होती. कूक यांचा ग्रंथ या सत्तर वर्षांच्या साठ्यावर उभा राहिला. तो साठा नसता तर कितीही विद्वान माणूस तसा ग्रंथ लिहू शकला नसता.

हैदराबाद संस्थानात काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, आणि माझ्या मांडणीवरचा पहिला आक्षेप तोच असेल. १९११ मध्ये पार्ट्रिज यांचे निझामाच्या राज्यातल्या वनवनस्पतींवरचे पुस्तक निघाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सईदुद्दीन यांनी १९३०च्या दशकात संस्थानातल्या नेहमीच्या फुलझाडांविषयी लेख लिहिले. ही कामे मोलाची आहेत. पण वनखात्याच्या पुस्तकाची दृष्टी साहजिकच लाकडाकडे, इमारतीकडे, महसुलाकडे होती. आणि नेहमीच्या वनस्पतींच्या यादीतून अपरिचित प्रजाती वर येत नाहीत. संस्थानाचे केंद्र तेलंगणात होते, मराठी जिल्हे त्याच्या कडेला होते. किनवटचे उदाहरण घ्यावे. आज नांदेड जिल्ह्याचे सगळ्यांत दाट सागवान जिथे आहे तो किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या डोंगराळ पट्ट्यातल्या राजगोंडांवर मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात केलेले काम जगभर वाचले गेले. त्यांचे पुस्तक १९४८ साली निघाले. तिथल्या माणसांच्या रीतीभाती, देवदेवता, कुळे यांची नोंद झाली. त्याच जंगलातल्या झुडपांची, वेलींची, लहान वृक्षांची तेवढ्या निगुतीने नोंद करणारे कोणी त्याच सुमारास तिथे पोचले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाची सत्ता संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तोवर मद्रास इलाख्याचा गॅम्बल यांनी सुरू केलेला कोशही १९३६ मध्ये पुरा झाला होता. पश्चिमेला कूक, दक्षिणेला गॅम्बल, आणि मध्ये कोरी जागा.

ती जागा भरायला सुरुवात झाली ती १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ उभे राहिल्यावर. नाईक यांच्या कामाचे मोल इथे आहे. १९७९ मध्ये त्यांचा उस्मानाबाद जिल्ह्याचा वनस्पतिकोश आला. त्या वेळी लातूर नावाचा जिल्हाच नव्हता. तो १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा निघाला. म्हणून आजच्या लातूरच्या वनस्पतींची पहिली पद्धतशीर नोंद शोधायची तर उस्मानाबादच्या नावाच्या पुस्तकात शोधावी लागते. लातूरच्या कितीतरी शिक्षकांना आणि वनकर्मचाऱ्यांना हे माहीत नसावे याचे मला वाईट वाटते. आपल्या जिल्ह्याचा हा मौल्यवान दस्तऐवज जिल्ह्याहूनही वयाने मोठा आहे. त्यानंतर १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. म्हणजे या दोन जिल्ह्यांना घराजवळचे विद्यापीठ मिळून अजून दोन पिढ्याही झालेल्या नाहीत.

आता खरा आक्षेप. कोणी म्हणेल, की संस्था असत्या तरी सापडले काय असते? वर्षावन कुठे आणि हा प्रदेश कुठे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही खाली आहे. पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटरच्या घरात. किनवटकडे तो हजाराच्या आसपास जातो, पण तरी ते पानझडीचेच रान. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात दर डोंगरागणिक वनस्पती बदलतात, तसे बालाघाटच्या रांगांत होत नाही. दख्खनच्या पठारावरची झाडे दूरवर पसरलेली आहेत. म्हणून तर सामलकोटला वर्णन केलेली टेंभुर्णी किनवटला चालते. नांदेडमध्ये डझनांनी नवे वृक्ष मिळतील असे मी म्हणणार नाही. पण कोरडा प्रदेश म्हणजे नवे काही नाही, हा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही. शिंदळ माकुडी कोरड्या कातळावरचीच. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून 'सेरोपेजिया अंजनेरिका' २००६ मध्ये वर्णन झाली, विशाळगडावरून 'सेरोपेजिया शिवरायिना' २०२३ मध्ये. यांतली कोणतीही घनदाट वर्षावनाच्या अंधारातली नाही. उघड्या, खडकाळ, गवताळ जागांच्या या वनस्पती आहेत. आणि त्या उजेडात आल्या त्यामागे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे जोपासलेली अभ्यासाची परंपरा आहे. त्याच परंपरेने 'हुबार्डिया हेप्टान्यूरॉन' हे गवत तिलारीच्या परिसरात पुन्हा शोधले. १९१९ मध्ये गिरसप्प्याच्या धबधब्याजवळून गोळा झालेले ते गवत तोवर नामशेष झाले असे धरले जात होते. सह्याद्री श्रीमंत आहे हे खरेच, पण तिथे शोधणारेही सतत होते. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर दुसऱ्या कारणाचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

झुडपे, गवते ठीक आहेत, पण वृक्ष कसा नजरेतून सुटेल, असेही विचारता येईल. सुटतो. सिडनीपासून दीडेकशे किलोमीटरवर, एका मोठ्या शहराच्या उंबरठ्यावर, चाळीस मीटरपर्यंत वाढणारा वोलेमी पाइन १९९४ पर्यंत कोणाच्या नोंदीत नव्हता. एखादे झाड डोळ्यांपुढे असते तेव्हाही ते वेगळे आहे हे कळायला त्याचे फूल आणि फळ योग्य वेळी हाती यावे लागते. फुलोऱ्याच्या पंधरा दिवसांत तिथे कोणी पोचले नाही, तर पान पाहून त्याला शेजारच्या ओळखीच्या झाडाचे नाव दिले जाते आणि पुढची यादी करणारा तेच नाव उतरवून घेतो. यादीतली अशी चूक सुधारायला पुन्हा नमुनाच लागतो. म्हणून नमुन्याशिवायच्या याद्या कितीही लांब असल्या तरी मी त्यांना नोंद म्हणायला तयार नाही.

एक आक्षेप मात्र मला सगळ्यांत गंभीर वाटतो. किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम, आंध, परधान समाजांना ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. मोहाची फुले कधी वेचायची, चारोळी कधी पिकते, सालईचा डिंक कसा काढायचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या जंगलात परक्याने येऊन 'शोध' लावला म्हणणे हाच अपमान नाही का? अपमान आहे, जर नोंद करणारा त्यांचे नाव गाळत असेल तर. याबाबत साडेतीनशे वर्षांपूर्वीचा मलबारचा ग्रंथ आपल्या पुष्कळ पुढे होता. त्याच्या पहिल्या खंडात वैद्य इट्टी अच्युतन यांचे निवेदन आहे, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत, त्यांच्याच भाषेत छापलेले आहे. म्हणजे स्थानिक जाणकाराचे श्रेय नोंदवणे अशक्य नव्हते, अवघडही नव्हते. रॉक्सबर्गच्या चिताऱ्यांच्या बाबतीत ते झाले नाही, एवढेच. स्थानिक ज्ञान आणि शास्त्रीय वर्णन यांची कामे वेगळी आहेत. कोलाम माणूस झाड ओळखतो ते त्याच्या रानापुरते, आणि त्या रानात त्याच्याइतके कोणाला कळत नाही. पण तेच झाड आदिलाबादला, बस्तरला, ओडिशात आहे की फक्त इथेच आहे, हे सांगायला तुलनाच लागते. आणि झाड फक्त इथेच असेल, तर त्याच्या रक्षणाचा कायदेशीर आग्रह धरायला नाव आणि वर्णन लागते. निनावी झाड संकटग्रस्तांच्या कोणत्याही यादीत बसत नाही. धरणाच्या, रस्त्याच्या अहवालात त्याच्यासाठी ओळ नसते.

नोंदीचा उपयोग नव्या प्रजातीपुरता नाही, हेही इथे म्हणायला हवे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यानंतर या भागात वृक्षलागवडीला जोर आला. ही चांगली गोष्ट आहे. पण कोणती झाडे लावायची याचे उत्तर रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावर ठरत असेल, तर गिरीपुष्प आणि सुबाभूळच लागत राहणार. लातूरच्या कोणत्या टेकडीवर, कोणत्या ओढ्याकाठी कोणते झाड खरोखर वाढत होते, हे १९७९ आणि १९९८ च्या कोशांतून काढता येते. तो आधार हाताशी असताना तो न वापरणे हे दुर्लक्षच म्हणावे लागेल.

त्या दोन कोशांच्या मागे वाळवलेल्या नमुन्यांची जी कपाटे असतात, तशी लहान-मोठी कपाटे नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांतही आहेत. विद्यार्थ्यांनी सहलींत गोळा केलेल्या फांद्या, कागदावर चिकटवलेल्या, कधी तारीख असलेल्या, कधी नसलेल्या. प्राध्यापक निवृत्त होतात, इमारत बदलते, वाळवी लागते, आणि असा संग्रह एका पावसाळ्यात जाऊ शकतो. माझी विनंती या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना आणि त्यांच्या विद्यापीठाला आहे. यंदा नवे काही गोळा करण्याआधी जे आहे ते मोजा. प्रत्येक नमुन्यावर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव आहे का ते पाहा, ज्या गोंड किंवा कोलाम जाणकाराने झाड दाखवले त्याच्या संमतीने त्याचेही नाव लिहा, छायाचित्रे काढा, आणि जिथे जादा प्रती आहेत तिथल्या त्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्राकडे पाठवा. ते केंद्र १९५५ पासून याच कामासाठी आहे.